इंडिकेटरला एलईडी आणि डिक्कीत दहा ओहम

माझ्या हॅचबॅकच्या मागच्या लाइटची काच पारदर्शक आहे. म्हणजे इंडिकेटरला नारिंगी रंग द्यायचं सगळं काम बल्बाचं. त्या बल्बावरचा रंग नागपूरच्या उन्हात फार टिकत नाही. पोपडे निघायला लागतात, आतून पांढरा उजेड डोकावतो, आणि मे महिन्याच्या दुपारी छत्रपती चौकात आपण वळतोय हे मागच्याला कळतच नाही. बल्ब बदलून पाहिले, काही दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. म्हणून मागच्या दोन इंडिकेटरना एलईडी लावायचं ठरवलं. हौस म्हणाल तर थोडी होती, नाही म्हणत नाही. पण मूळ कारण हे.

बल्ब घ्यायला जाताना जुना बल्ब खिशात ठेवा. दुकानदार ‘सगळ्या गाड्यांना एकच लागतो’ म्हणतो, पण तसं नसतं. २१ वॅटच्या साध्या पांढऱ्या बल्बाच्या दोन पिना समोरासमोर असतात. नारिंगी बल्बाच्या किंचित तिरप्या. इंडिकेटरच्या जागी चुकून पांढरा बल्ब बसू नये म्हणून ही मुद्दाम केलेली सोय आहे. काउंटरवर जुना आणि नवा शेजारी उभे करून पाहिलं की दोन सेकंदांत कळतं. मला दाखवलेली पहिली जोडी सरळ पिनांची होती, ती तिथेच परत केली. आणि एलईडी नारिंगीच घ्यायचा. पारदर्शक काचेमागे पांढरा एलईडी लावून फिरणारे दिसतात रस्त्यावर, पण ते नियमातही बसत नाही आणि मागच्याच्या डोळ्यालाही त्रास.

बल्ब बसवला, दांडी खाली केली आणि डॅशबोर्डवरची टकटक दुप्पट वेगाने सुरू झाली. हे होणार हे माहीत होतं, तरी ऐकताना गाडीला धाप लागल्यासारखं वाटतं. मोबाइलवर मिनिट लावून मोजलं: आधी ८४ वेळा लुकलुकत होता, आता १६० च्या वर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा असं आहे. म्हणजे हा वेग नुसता कानाला त्रास नाही, नियमाबाहेरही आहे.

असं का होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि आरशावर किंवा फेंडरवर ५ वॅट, असे मिळून ४७ वॅट जळतात. गाडी या वायरीतून किती करंट जातोय त्यावर लक्ष ठेवून असते. एखादा मोठा बल्ब उडाला की आकडा २६ वर येतो, आणि ‘बल्ब गेला आहे, बघा’ हे चालकाला कळावं म्हणून ती टकटक वाढवते. एलईडी जेमतेम ३ वॅट घेतो. २६ अधिक ३ म्हणजे २९. गाडीच्या दृष्टीने बल्ब उडालेलाच आहे.

जुन्या गाड्यांत यावर सोपा उपाय असतो. फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारी सुटी डबी) उपटायचा आणि एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले टोचायचा. ना वायर कापायची, ना काही तापायचं. तुमच्या गाडीत सुटा फ्लॅशर असेल तर हा लेख इथेच सोडा आणि तो आणा, मी मनापासून सांगतोय. माझ्या गाडीत स्टिअरिंगखाली हात घालून शोधला. टकटक ऐकू येते ती मोठ्या कंट्रोल मॉड्यूलच्या पेटीतून. तिथे बदलण्यासारखं काही नाही.

दुसरा पर्याय ‘कॅनबस’ असं लिहिलेले एलईडी. त्यांच्या पोटातच रेझिस्टर असतो, म्हणजे बल्बाऐवजी करंट ओढून त्याची उष्णता करणारा तुकडा. हा मला अजिबात पटला नाही. एलईडीला उष्णता मानवत नाही आणि हे त्याच्याच बुडाशी शेगडी पेटवतात, तीही प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये. राहिला बाहेरून लावायचा लोड रेझिस्टर.

ॲक्सेसरीच्या दुकानात तयार जोडी मिळते, सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोक्यातली, ५० वॅट ६ ओहम (ओहम जितके कमी, तितका ओढला जाणारा करंट जास्त). जगभर हीच विकतात. हिशोब सरळ आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १२ व्होल्टवर ६ ओहम म्हणजे २४ वॅट, जुन्या बल्बापेक्षाही जास्त. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट असतात, तेव्हा जवळपास ३३. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो हे धरलं तरी सरासरी १६ वॅट नुसती उष्णता. बल्बाला ही उष्णता काचेच्या आत पसरायला जागा होती. इथे ती दोन इंचांच्या तुकड्यात. वीज वाचवणारा बल्ब लावायचा आणि वाचलेली वीज डिक्कीत जाळायची, असा हा एकंदर कारभार आहे. आपण करतोय काय हे आधी स्वतःशी कबूल केलं की पुढची काळजी आपोआप घेतली जाते.

मला प्रश्न पडला की ६ च का? गाडीला ४७ ‘ठीक’ वाटतात आणि २६ ‘कमी’ वाटतात. सीमारेषा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. मग पूर्ण २१ वॅट भरून काढायची गरज नाही. १० ओहमचा लावला तर १२ व्होल्टवर साडेचौदा वॅट, म्हणजे एकूण ४३ च्या आसपास. सीमेच्या वर असायला हरकत नसावी, आणि उष्णता ६ ओहमपेक्षा चाळीस टक्के कमी.

१० ओहमचा ५० वॅटवाला कार ॲक्सेसरीवाल्यांकडे मिळत नाही. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. तिथला मुलगा म्हणाला, “काका, गाडीला लावायचा आहे तं सहाचाच घेतात सगळे.” मी दोन्ही घेतले. सिरॅमिकचे पांढरे चौकोनी रेझिस्टर स्वस्त पडतात, पण त्यांना पत्र्यावर आवळायला भोकं नसतात, म्हणून ते नकोत. दुकानातच मल्टीमीटर लावून पाहिला: १०.२. त्यातले ०.२ मीटरच्या वायरींचे.

एकही वायर कापायच्या आधी मगर-क्लिपा लावून चाचणी केली. रेझिस्टर बल्बाला समांतर जोडायचा असतो, म्हणजे एक टोक इंडिकेटरच्या वायरीला, दुसरं बॉडीला. यात उलटसुलट काही नसतं, कुठलंही टोक कुठेही चालतं. वायरीच्या मध्ये, एकामागे एक असा मात्र लावायचा नाही. तसा लावला तर एकूण करंट आणखीच घटतो आणि टकटक तशीच राहते. १० ओहम लावला, दांडी खाली केली, वेग ८४. इंजिन बंद ठेवून पाहिलं, चालू करून पाहिलं, हेडलाइट आणि एसी लावून पाहिलं, पहाटे गाडी गार असताना पाहिलं. बदल नाही. सहावाले परत पिशवीत.

इथे एक सांगायला हवं. माझ्या गाडीत बाजूचा एकूण करंट पाहिला जातो, म्हणून १० पुरला. अलीकडच्या काही गाड्यांत प्रत्येक बल्बाची स्वतंत्र तपासणी होते. तिथे साडेचौदा वॅट कमी पडू शकतात आणि सहा किंवा आठवर यावं लागतं. म्हणून क्लिपांची चाचणी टाळू नका.

आता बसवायचा कुठे. ५० वॅट हा आकडा खोक्यावर लिहिलेला असतो तो रेझिस्टर मोठ्या धातूच्या पृष्ठभागावर घट्ट आवळला असेल तेव्हाचा. हवेत लोंबकळत ठेवला की तो निम्म्याहूनही खाली येतो. केबल टायने वायरिंगला बांधलेले, प्लॅस्टिकच्या अस्तराला डबल टेपने चिकटवलेले रेझिस्टर मी पाहिलेत. एका ओळखीच्या गाडीत त्याच्यामागचं अस्तर वितळून पोळीसारखं फुगलं होतं.

खात्री करावी म्हणून बाकावर प्रयोग केला. सहावाला लाकडी फळीवर मोकळा ठेवून हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालू ठेवले. तापमान मोजायला घरातली कोरोनाच्या काळातली कपाळाची बंदूक धरली, तर ती नुसतं ‘हाय’ म्हणून मोकळी झाली. तिची धाव तापापर्यंतच. शेवटी बोटाने पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं आणि थेंब नाचत नाहीसा झाला. एवढं पुरे होतं.

मागचा लाइट दोन बोल्टवर असतो. तो आणि डिक्कीचं बाजूचं अस्तर काढलं की आतला उघडा पत्रा दिसतो. माझ्या गाडीत पेट्रोलचं झाकण डाव्या बाजूला आहे, त्यामुळे टाकीकडे जाणारी नळी त्याच बाजूने आत उतरते. डावीकडे ड्रिल लावण्याआधी पत्र्याच्या पलीकडे हात घालून चाचपलं आणि रेझिस्टर नळीपासून लांब, लाइटच्या खालच्या आडव्या पट्टीवर घेतला. उजवीकडे हा प्रश्न नव्हता. तीन मिलिमीटरची भोकं, कडांवर प्रायमरचं बोट फिरवलं (नाहीतर पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू), रेझिस्टरच्या पाठीला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती पेस्ट पातळ पसरली, आणि लॉकनटने आवळला. शेजारून जाणारा वायरिंगचा गुच्छ बाजूला सरकवून बांधला. डिक्कीत आपण जॅक, पाण्याचा कॅन, लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे काहीही कोंबतो. अस्तर परत बसल्यावर रेझिस्टरला काही टेकणार नाही हेही पाहिलं.

जोडणीसाठी घाट रोडवरच्या माझ्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, कारण त्याच्याकडे चांगली सोल्डरिंग गन आहे. सोल्डर आणि स्लीव्ह म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

“काहून एवढी मेहनत करून राहिले भाऊ? वायर सोलतो, गुंडाळतो, टेप मारून देतो. पाच मिनिटात गाडी घेऊन जा.”

“मे मध्ये टेपचा डिंक वितळून सुटते ना.”

“मग या परत. परत मारून देऊ.”

हसला, पण काम नीट केलं त्याने. निळे चिमटे असतात ना, वायरवर दाबले की आतलं पातं कोटिंग कापून तांब्याला टेकतं, तेही त्याने स्वतःहून नाही म्हटलं. तांब्याचे चार तार तुटतात आणि पावसात तिथे हिरवं होतं म्हणाला. टेस्ट लॅम्प लावून इंडिकेटरची वायर ओळखली (लुकलुकते ती), अर्धा इंच सोलली, रेझिस्टरची वायर गुंडाळून सोल्डर केलं, स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळली. दुसरं टोक रिंग लावून, गाडीत कंपनीनेच दिलेल्या अर्थिंगच्या स्क्रूखाली. वायर ओळखून झाल्यावर, सोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढली होती. फ्यूज बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण एकूण लोड जुन्यापेक्षा कमीच आहे.

मग भर दुपारी, गाडी उन्हात असताना, इंजिन चालू आणि चारही इंडिकेटर पंधरा मिनिटं. इलेक्ट्रिशियनकडच्या, कारखान्यात वापरतात तसल्या तापमानाच्या बंदुकीने रेझिस्टर ७० अंशांच्या थोडा वर दाखवला. उन्हातला पत्रा मुळातच ५५ ला होता. हात ठेवून बसता येणार नाही, पण वायरीचं कोटिंग आणि रंग याला दाद देत नाहीत. रोजच्या वापरात सिग्नलवर मिनिट-दोन मिनिटं इंडिकेटर चालतो, तेवढ्यात तो कोमटही होत नाही. खरी परीक्षा गाडी रस्त्यात बंद पडून हझार्ड तासभर लावावे लागतात तेव्हाची.

याची एक किंमत मात्र आहे आणि विकणारे ती सांगत नाहीत. आता एलईडी गेला तरी गाडीला कळणार नाही. रेझिस्टर आपला करंट ओढत राहील, टकटक ८४ च राहील, आणि मागचा इंडिकेटर अंधारात. जी सूचना द्यायला कंपनीने ही व्यवस्था केली होती तीच आपण काढून टाकली. म्हणून पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना दोन्ही बाजूंचा उजेड भिंतीवर पाहून घेतो. वॉरंटीतल्या गाडीची वायर सोलण्याआधीही दोनदा विचार करा. पुढे इलेक्ट्रिकलचं काहीही झालं तरी बोट तिथेच ठेवलं जाईल.

पुढच्या इंडिकेटरनाही लावा, असं शेजारच्या मुलाचं म्हणणं आहे. तिथे हेडलाइटमागे सगळं प्लॅस्टिक, रेझिस्टर आवळायला जवळ धड पत्रा नाही, आणि इंजिनची धग वेगळी. पुढे मी साधे नारिंगी बल्बच नवे टाकले आहेत, आणि एक जोडी ग्लव्ह बॉक्समध्ये जास्तीची.