केळीच्या पानावरची खाण

कळंगुटचे तीन दिवस एका ओळीत संपवते: गर्दी, कर्णे आणि पार्किंगवरून भांडणं. चौथ्या दिवशी कदंब बस धरून डिचोलीजवळ आत्याकडे मुक्कामाला गेले आणि तिथेच माझा गोवा सुरू झाला.

आत्याच्या दाराला अडसर म्हणून एक दगड ठेवलेला असतो. लहानपणापासून पायाला ठेचकाळतो मेला. या वेळी पहिल्यांदा तो उचलून पाहिला. एक पट्टी काळपट करडी, एक तांबूस, पुन्हा करडी. एका टोकाला मात्र मधल्या पट्ट्या गायब, नुसत्या फटी. बोट घातलं तर लाल भुकटी.

"पाणी खाऊन गेलं गो ते," काका म्हणाले. लोखंडाच्या खाणीवर ड्रिलिंगच्या गँगमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. जमिनीखालचं ते गावातल्या रस्त्यांसारखं सांगतात.

दुपारी केळीच्या पानावर जेवायला बसलो. माझी कढी भातातून निसटली आणि मधल्या शिरेच्या पन्हळीत जाऊन थांबली. काकांनी तिथेच बोट ठेवलं. "हीच आमची खाण."

मग जेवण बाजूला राहिलं, काका सांगत सुटले. दारातल्या दगडातले हे पट्ट्यांचे थर अडीच अब्ज वर्षांहून जुने, कर्नाटकातल्या धारवाडी खडकांचेच भाऊबंद. मूळ दगडात लोखंड जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी बहुतेक गारगोटी. पुढे खोलवरच्या दाबाने थरांना घड्या पडल्या, वायव्येकडून आग्नेयेकडे लांबलचक. ज्या घड्या पन्हळीसारख्या खाली वाकल्या, तिथे पावसाचं पाणी वर्षानुवर्षं मुरत राहिलं. त्याने गारगोटी विरघळवून नेली, लोखंड मागे राहिलं. वर जांभ्याची टोपी, तिच्याखाली टणक ढेकळं, आणखी खाली भुसभुशीत भुकटी. तळाला चिकणमाती आणि फिलाइट नावाचा पाणी न सोडणारा खडक, म्हणजे पाणी खाली सुटायची सोय नाही. घडी नसती तर नुसता पट्ट्यांचा दगड उरला असता. कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

मला वाटलं, झालं. पण काकांनी शिरेतली कढी बोटाने निपटून काढली. "आता बघ, पानात काय उरलं?"

तीच भुकटी गावाची पाण्याची टाकी होती. विहिरींना तिचंच पाणी. माल काढायला खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला, की आधी पंप लावून पाणी उपसायचं. "होल मारताना पाणी लागलं की आम्ही वैतागायचो," काका म्हणाले, "आणि घरी आलो की तुझी आत्या विहीर आटली म्हणून ओरडायची." 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. काकांचा पगार गेला. विहीर काही पूर्वीसारखी भरली नाही.

संध्याकाळी कुंपणापलीकडून खड्डा पाहिला. पायऱ्या पायऱ्यांचा लाल उतार आणि तळाशी हिरवंगार पाणी. फोटो सुंदर आले, याची जरा लाजच वाटली.

परतलो तेव्हा आत्या हंडे मांडून टँकरची वाट बघत होती. सकाळपासून आला नव्हता. आणि मी? आल्या आल्या, कळंगुटची वाळू जाईना म्हणून, न्हाणीत तीन बादल्या ओतल्या होत्या. आत्या तेव्हा एवढंच म्हणाली होती, "हो हो, घे की गो निवांत."