रोजचीच जिलेबी

पंधरा ऑगस्टला सकाळी सव्वासात वाजता मी दिल्लीत, लक्ष्मीनगरच्या एका हलवायाच्या दुकानासमोर उभी होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दुकान उघडं होतं, तई तापलेली होती, माणूस जिलेब्या सोडत होता. रांग तेवढी नव्हती.

यातली धास्ती कोल्हापूरच्या माणसालाच कळेल. आमच्याकडे १४ ऑगस्टच्या संध्याकाळपासून चौकाचौकांत जिलेबीचे मांडव पडतात. मिठाईवाले तर असतातच, पण एरवी ज्यांचा साखरेशी संबंध चहापुरता, अशी तालमीची, मंडळाची पोरंही आचारी आणून तई मांडतात. आंबवलेल्या पिठाचा वास आणि पावसाचा वास रात्रभर एकमेकांत मिसळत राहतात. दुसऱ्या दिवशी आमचे पेपर जिलेबीचा हिशेब किलोंत नाही, टनांत देतात. आम्ही मुलं पांढऱ्या गणवेशावर चिखलाचे शिंतोडे घेऊन प्रभातफेरी करायचो, झेंडावंदन व्हायचं, पाहुण्यांचं भाषण लांबायचं, हातावर लिमलेटची गोळी पडायची. पण स्वातंत्र्य मिळाल्याची खरी खूण म्हणजे घरी परतल्यावर टेबलावर दिसणारा पाक सुटलेला कागदी पुडा. छत्री मानेत धरून, रांगेत अर्धा तास उभं राहून बाबांनी तो आणलेला असायचा. २६ जानेवारीला पुन्हा हेच, फक्त छत्रीऐवजी स्वेटर. पुडा आला नाही तर झेंडावंदन पार पडलं हे आजीला पटतच नसे.

तर दिल्लीच्या त्या हलवायाला मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत विचारलं, "भैया, आज के लिए कुछ स्पेशल नहीं बनाया?"

"स्पेशल क्या, मॅडम?"

"जलेबी. पंद्रह अगस्त की."

त्यानं झारा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "जलेबी तो रोज की है. इस में पंद्रह अगस्त क्या?"

त्याचंही खरंच होतं. दिल्लीत जिलेबी हा सकाळचा नाश्ता. कचोरी खाऊन झाली की दोन कडी जिलेबी, थंडीत दुधात बुडवून, हौस असेल तर रबडीबरोबर. तिला तारीख कशाला लागते? आमच्याकडे ती एरवी लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याशेजारी बसते आणि वर्षातून दोनदा राष्ट्रीय होते. मी पाव किलो घेतली. रांगेशिवाय मिळालेली जिलेबी हातात अगदी हलकी लागत होती.

घरी आले. वर्तमानपत्र पसरलं, टीव्हीवर लाल किल्ला लावला. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "आईऽऽ!" मला वाटलं, गल्लीत मराठी बिऱ्हाड आलं की काय! आणि हाकही अशी, की पोर गच्चीवरून पडतंय. मी जिना चढून धावत वर गेले. तोवर हाक पुरी झाली होती, "आईऽऽ बोऽऽ! काटेऽऽ!"

गच्चीवर घरमालक अंकल, आंटी, त्यांचा सातवीतला नातू, त्याचे दोन मित्र, एक स्पीकर, पराठ्यांचा डबा आणि चाळीस-एक पतंगांची चळत. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर हेच. जिथवर नजर जाईल तिथवर माणसं आभाळाकडे तोंड करून उभी. मुंबईत एवढी माणसं मान वर करून उभी दिसली तर समजावं, इंडिकेटर बिघडलाय.

"आज मकर संक्रांत आहे का?" असं मी मनात स्वतःलाच विचारलं. ऑगस्टचं दमट आभाळ, पश्चिमेला काळा ढग, आणि त्याखाली हे रंगीत कागद! आमच्या लेखी पतंग म्हणजे तिळगूळ, कोवळं ऊन आणि जानेवारी. आंटींनी मला दारात घुटमळताना पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, खडी क्यों है? चरखी पकड."

चरखी म्हणजे आपली फिरकी. येवल्याच्या बाजूला तिला आसारी म्हणतात. नवख्या माणसाला सगळीकडे हेच काम देतात. उडवणारा वर बघतो, वाहवा त्याची होते. फिरकीवाल्यानं दोरा सोडायचा, गुंडाळायचा आणि पतंग कटला की बोलणी खायची. अंकल ओरडायचे, "ढील! ढील दे!" मी देईपर्यंत पतंगानं गोता खाल्लेला असायचा. पहिले दोन पतंग माझ्यामुळे गेले. तिसरा कटल्यावर अंकल काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दिल्लीकरांनी पहिल्याच दिवशी मला फिरकी दिली की माझी फिरकी घेतली, हे अजून ठरवता आलेलं नाही.

खाली टीव्हीवरचं भाषण संपलेलं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मात्र त्या भाषणाचा आणि पतंगांचा संबंध आहे, हे अंकलनी पराठा खाता खाता सांगितलं. सोहळा आटपेपर्यंत लाल किल्ल्याच्या परिसरात पतंगाला मनाई असते. तरी गल्ल्यांतून उडायचे ते उडतातच, म्हणून पोलिस चक्क पतंग पकडणारी माणसं तैनात करतात. २०१७ साली भाषण ऐन रंगात असताना एक पतंग या बंदोबस्तातून निसटून थेट व्यासपीठापाशी येऊन पडला होता. हे सांगताना अंकलच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो पाहून मला संशय आला की पतंग यांच्याच गच्चीवरून गेला असावा.

मंगळवारी ऑफिसात डबे उघडल्यावर मी ही नवलाई सांगितली आणि नको ते झालं. अहमदाबादचा सहकारी म्हणाला, पतंग चौदा जानेवारीचा, उत्तरायणाचा. बाकी सगळे हौशी. कोलकात्याच्या ताईंनी चमचा खाली ठेवला. त्यांच्याकडे पतंग विश्वकर्मा पूजेला, सतरा सप्टेंबरच्या सुमारास. जानेवारीत पतंग उडवणाऱ्याला तिथं कुणी ओळखणारही नाही. सतरा सप्टेंबर ऐकताच नांदेडचा मुलगा दचकला. तो तर त्यांचा मुक्तिदिन! मराठवाडा निजामाच्या राज्यातून १९४८च्या त्या तारखेला सुटला, म्हणून तिकडे महिनाभरात दुसऱ्यांदा झेंडावंदन होतं. लखनौचे वर्मा... नाव बदललेलं बरं, तर लखनौचे एक ज्येष्ठ सहकारी शांतपणे म्हणाले की पतंग दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी उडवायचा, त्याला जमघट म्हणतात, आणि ज्यांना ही तहजीब ठाऊक नाही त्यांच्याशी वाद काय घालायचा.

मग मीही कंबर कसली. माझी मावशी फलटणची. तिथं आणि बारामतीकडे पतंग नागपंचमीला. लहानपणी श्रावणात मावशीकडे गेले की कोल्हापूरची मी आणि फलटणची मावसभावंडं यांचं याच मुद्द्यावर भांडण व्हायचं, आणि दिंडं खाऊन मिटायचं. २०१८ साली तर नागपंचमी नेमकी १५ ऑगस्टला आली होती. त्या दिवशी फलटण आणि दिल्ली एकाच वेळी पतंग उडवत होत्या, दोघींचं कारण वेगळं आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही!

पण दिल्लीत ऑगस्टच का? याचं एक ऐटदार उत्तर आहे. १९२८ साली सायमन कमिशन आलं तेव्हा निषेध म्हणून 'सायमन गो बॅक' लिहिलेले पतंग उडवले गेले. तेव्हापासून पतंग म्हणजे स्वातंत्र्य. गोष्ट खरी आहे, फक्त ती घडली लखनौच्या कैसरबागेत, जिथं सरकारधार्जिणे तालुकदार, म्हणजे तिथले बडे जमीनदार, कमिशनला मेजवानी देत होते. बाहेर पोलिसांचा वेढा, तर लोकांनी निषेध वरून आत पाठवला. आणि तेच लखनौ पतंगासाठी दिवाळीची वाट बघतं! त्यामुळे मला आंटींचं कारण जास्त पटतं. "जनवरी में कोहरा होता है बेटा, पतंग क्या दिखेगी?" लोहरीच्या रात्री शेकोटी पेटवून त्याभोवती बसण्याच्या दिवसांत दिल्लीकर गच्चीवर जाईल कशाला? ऑगस्टमध्ये वारा असतो, मुलांना सुट्टी असते, आणि खाली उकाड्यानं जीव नकोसा झालेला असतो.

नंतर एकदा चरखी गुंडाळत बसले असताना वाटून गेलं, की १५ ऑगस्ट हा बिचारा फार नवा सण. गणपतीला मोदक आहेत, पाडव्याला कडुलिंब आहे, नागपंचमीला दिंडं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या सगळं ठरलेलं. हा सण आला तो कोरा. सरकारनं झेंडा दिला, भाषण दिलं, सुट्टी दिली. नैवेद्य काय, ते सांगायचं राहून गेलं. सरकारचं स्वतःचंही लगेच बसलं नव्हतं. नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा झेंडा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ला. पंधराला सोहळा इंडिया गेटपाशी झाला होता. झेंडावंदन साडेआठला आटपलं, आता उरलेल्या दिवसाचं काय करायचं? ज्याच्या हाताशी जे होतं ते त्यानं वाढलं. कोल्हापूरकराच्या हाताशी तई होती, दिल्लीकराच्या डोक्यावर गच्ची होती.

पतंगाचं सगळंच गोड नाही, तेही सांगायला हवं. नायलॉनचा तो चिनी म्हणवला जाणारा मांजा दुचाकीवाल्याचा गळा कापतो, मेट्रोच्या वरच्या तारांत अडकून गाड्या खोळंबवतो. चांदणी चौकात जैन मंदिराला लागून पक्ष्यांचा दवाखाना आहे, तिथं या दिवसांत पंख कापलेली कबुतरं येत राहतात. दिल्ली सरकारनं जानेवारी २०१७ मध्ये नायलॉनच नव्हे, काच लावलेल्या कुठल्याही मांजावर बंदी घातली. साधा सुती दोराच चालतो. आमच्या गच्चीवर अंकल सद्दी, म्हणजे हा साधा दोराच वापरतात. शेजारच्या गच्चीवर काय वापरतात ते आमचे पतंग ज्या वेगानं कटतात त्यावरून सगळ्यांना कळतं, पण शेजाऱ्यांना ते तोंडावर विचारायचं कुणी, यावर आमच्या बिल्डिंगीत दोन वर्षं एकमत झालेलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी तयारीनं उतरले. आठवडाभर आधी नातवाला घेऊन जुन्या दिल्लीत लाल कुव्याला गेले. पतंगांचा तो घाऊक बाजार म्हणजे आपल्याकडची गणपतीच्या आदल्या दिवशीची मंडईच. अद्धा, पौना अशी मापं, कागदाची सळसळ, 'एक कौडी' म्हणजे वीस पतंग हा हिशेब. नातू प्रत्येक पतंग डोक्यावर धरून कामटी वाकवून बघत होता, आई भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघते तशी. येताना मी त्याला कोल्हापूरच्या रांगेची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "दीदी, जलेबी के लिए लाइन? वहाँ एक ही दुकान है क्या?"

पंधराला सकाळी त्याच हलवायाकडे गेले. त्यानं ओळखलं. "पंद्रह अगस्तवाली?" म्हणाला, आणि न विचारता ताज्या घाण्यातली काढून दिली. या वेळी किलोभर घेतली आणि थेट गच्चीवर नेली. आईचा फोन आला, "आणलीस का गं?" म्हटलं, आणली. "रांग होती?" म्हटलं, होती. एवढं खोटं चालतं.

गच्चीवर पुडा फिरला. अंकलनी दोन घेतल्या, आंटींनी साखरेचं कारण सांगून एक घेतली, मग अर्धी घेतली. नातवाचा पतंग तेव्हा चांगलाच वर होता, शेजारच्या काळ्या पतंगाशी पेच लागला होता. चरखी माझ्याकडे. त्याला दोरा सोडवत नव्हता आणि जिलेबीही, म्हणून मीच एक त्याच्या तोंडाजवळ धरली. त्यानं डाव्या हातानं घेतली, खाल्ली आणि त्याच हातानं दोरा पकडला.

"ढील दे!" अंकल ओरडले.

मी चरखी सैल सोडली. दोरा सुटेना. पाकानं तो त्याच्या बोटांना चिकटला होता. त्यानं झटका दिला, आणि पतंग एकदा डोलून हळूहळू यमुनेच्या बाजूला निघाला. शेजारच्या गच्चीवरून "आईऽऽ बोऽऽ!" उठलं.

नातू माझ्याकडे वळला. "आप की जलेबी ने कटवा दी."

"हाथ धो के आ पहले," आंटी म्हणाल्या.

तो नळाकडे गेलाच नाही. बोटं शर्टाला पुसली, दुसऱ्या पतंगाला कन्नी बांधायला बसला आणि वर न बघताच हात पुढे केला. मी पुडा सरकवला.