दोन फाउलनंतरची उडी

गेल्या आठवड्यात मी आयुष्यातली पहिली हेप्टॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत सात मैदानी प्रकारांची स्पर्धा, पूर्ण केली. मांड्या अजून भरलेल्या आहेत, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पण सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते. एखाद्या-दुसऱ्या प्रकारात चांगल्या असलेल्या आणि "सात? नको बाई" म्हणून मागे फिरणाऱ्या मुलींसाठी खास.

पहिल्या दिवशी १०० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत), उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि शेवटी ८०० मीटर. प्रत्येक कामगिरीचे गुण ठरलेल्या तक्त्यातून मिळतात आणि ज्या मुलीची बेरीज मोठी, ती जिंकते. एखाद्या प्रकारात तुमचा नंबर पहिला आला की आठवा, तक्त्याला त्याचं काही देणंघेणं नाही. सेकंद आणि सेंटिमीटर तेवढे तो मोजतो.

मी मूळची लांब उडीवाली, शाळेपासून. सरांनी हेप्टॅथलॉनचं सुचवलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त भाला आणि ८०० मीटरची धास्ती होती. सरांनी वही उघडली आणि माझ्या पातळीवरचे गुण काढून दाखवले. उंच उडीत १.४४ वरून १.४७ वर गेलं की ३३ गुण. ८०० मीटरमध्ये दोन मिनिटं चाळीसच्या आसपास एका सेकंदाला साधारण ११ गुण. म्हणजे उंच उडीचा एक बार आणि ८०० मीटरमधले तीन सेकंद यांची किंमत सारखी! भाल्यात एक मीटर वाढला की १९ गुण, आणि नवख्या हाताचे सुरुवातीचे मीटर तंत्र सुधारल्याने भराभर वाढतात. त्या दिवसापासून माझ्या सरावाची वाटणीच बदलली. लांब उडीचे दिवस कमी झाले, भाला रोज हातात आला.

हे गुण किती मोलाचे असतात ते १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये दिसलं होतं. हेप्टॅथलॉन तिथे पहिल्यांदाच होत होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन हिचे ६३९० गुण झाले, अमेरिकेच्या जॅकी जॉयनरचे ६३८५. दोन दिवस, सात प्रकार आणि फरक ५ गुणांचा! ८०० मीटरमध्ये अर्ध्या सेकंदाचासुद्धा नाही. त्याच जॅकीने १९८८ मध्ये सोलला ७२९१ गुण केले आणि तो जागतिक विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

पहिला दिवस बरा गेला. हर्डल्समध्ये पहिला अडथळा नीट पार झाला की पुढचे नऊ लयीत येतात, तसे ते आले. उंच उडी मात्र संपता संपत नाही. बार तीन-तीन सेंटिमीटरने चढतो, प्रत्येकीला तीन प्रयत्न, त्यामुळे उडी काही सेकंदांची आणि बसून राहणं अर्ध्या तासाचं. अंग गार पडू द्यायचं नाही आणि ताकदही खर्चायची नाही, याचा वेगळा सराव करायला हवा असं माझं ठाम मत झालंय. मी ट्रॅकसूट घालून सावलीत, स्पाइक्सच्या नाड्या सैल करून बसायची आणि माझ्या आधी दोन नावं उरली की उठायची. गोळाफेक झटपट आटोपली. २०० मीटरला शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय माझे राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब उडी. माझा हक्काचा प्रकार, ५.१० मीटर ही माझी सर्वोत्तम उडी. टेपने रन-अप मोजला, खूण लावली आणि पहिल्याच उडीला लाल झेंडा, म्हणजे फाउल. बोर्डापुढच्या, म्हणजे उडी घ्यायच्या फळीपुढच्या, मऊ प्लॅस्टिसिनवर माझ्या बुटाच्या टोकाची बारीकशी खाच पडली होती. दुसऱ्या उडीला पुन्हा लाल, खाच जवळजवळ तिथेच. वारा पाठीमागून होता आणि वाढतच होता.

नुसत्या लांब उडीच्या स्पर्धेत पहिल्या आठांत आलं की सहा उड्या मिळतात. इथे तीनच. तिसरी फाउल झाली तर शून्य. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या कॅटरीना जॉन्सन-थॉम्पसनचं हेच झालं होतं. पहिल्या दिवसाअखेर ती दुसऱ्या स्थानावर होती, लांब उडीत तीन फाउल झाले आणि पदकाची आशा तिथेच संपली. (चार वर्षांनी दोहात तीच जगज्जेती झाली, हेही सांगायला हवं.)

सर कठड्यापलीकडे होते, हाताने "मागे, मागे" करत होते. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली मुलगी उठून आली. आदल्या दिवसाच्या गुणांत ती माझ्या अगदी जवळ होती. म्हणाली, "खूण दीड पाऊल मागे घे. आणि बोर्डाकडे बघूच नकोस, समोर बघ." माझा शून्य झाला असता तर तिचाच फायदा होता. तरी ती माझ्याबरोबर खुणेपर्यंत आली आणि मी धावायला उभी राहीपर्यंत तिथेच थांबली.

मी बोर्डाच्या बरंच अलीकडून उडाले. पांढरा झेंडा वर गेला तेव्हा अंतर किती आहे हे बघायच्या आधीच मी तिला मिठी मारली. ४.६१. एरवी या आकड्याने मी दिवसभर कुणाशी बोलले नसते. तक्त्यात बघितलं तर त्याचे ४५६ गुण होते. सर्वोत्तम उडीपेक्षा १३१ कमी, पण शून्यापेक्षा ४५६ जास्त! एवढ्या आखूड उडीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

भाला त्या दिवशी सुरेख सुटला. सरावातल्या कुठल्याही फेकीपेक्षा जवळजवळ तीन मीटर पुढे गेला आणि लांब उडीत गेलेले जवळजवळ निम्मे गुण परत आले.

८०० मीटरआधी सरांनी हिशेब सांगितला. ती मुलगी २७ गुणांनी पुढे, म्हणजे तिला गाठायला मला अडीच सेकंद लागणार होते. पहिल्या फेरीत मी तिच्या खांद्यामागे राहिले. घंटा झाली, समोरच्या सरळ पट्ट्यात अंतर वाढतंय असं वाटलं, पण शेवटच्या वळणावर मी बाहेरून पुढे निघाले आणि रेषेपर्यंत वळून बघितलं नाही. दीड सेकंदाने मी पुढे होते. बेरजेत ती दहा गुणांनी पुढे राहिली आणि ते तिने कमावलेले होते.

शर्यत संपल्यावर आम्ही सगळ्याजणी हात धरून प्रेक्षकांसमोर उभ्या राहिलो. हेप्टॅथलॉनमध्ये ही पद्धत आहे, टीव्हीवर अनेकदा बघितली होती. दोन दिवस एकाच बाकावर बसून, एकमेकींची नावं पुकारली जाताना टाळ्या वाजवल्यावर ते हात आपोआप पुढे येतात.

माझे गुण साडेतीन हजारांच्या थोडे वर झाले. स्वप्ना बर्मनने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ६०२६ गुणांनी सुवर्णपदक जिंकलं, तेही दाढ दुखत असताना गालाला पट्टी लावून. त्या आकड्याचं वजन मला आत्ता कुठे कळायला लागलंय. सातही प्रकार त्या पातळीवर न्यायला काय करावं लागत असेल, याचा विचार करते आणि तिच्याबद्दलचा आदर वाढतच जातो.

पुढच्या मोसमासाठी हर्डल्स आधी हातात घ्यायचेत, सर्वांत जास्त गुण तिथेच दबून आहेत असं सरांचंही म्हणणं आहे. काल त्या मुलीचा मेसेज आला होता, तिला भाल्याची पकड शिकायची आहे आणि तिचे हर्डल्स माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. रविवारी मैदानावर भेटतोय.