कंगवा, काटे आणि केअरफ्री

गोल्फ खेळताना पहिल्याच टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेवर, आमच्या यजमानांनी बॅगेतून एक साधा प्लॅस्टिकचा कंगवा काढला आणि माझ्या हातात ठेवला. यजमान म्हणजे माझे जुने साहेब, आता निवृत्त, टाळूवर एक केस शिल्लक नाही. मी हसलो. तेही हसले, पण त्यांचं हसणं जरा वेगळं होतं, हे मला तासाभराने कळलं.

अ‍ॅरिझोनातल्या केअरफ्री या टुमदार गावात ‘डेझर्ट फॉरेस्ट’ नावाचा गोल्फ क्लब आहे. गाव फिनिक्सच्या उत्तरेला, ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशी. चिंताच नको अशा नावाचं गाव, म्हणून रस्त्यांची नावंसुद्धा तशीच: एक ईझी स्ट्रीट, एक हो रोड आणि एक हम रोड (हो-हम म्हणजे इंग्रजीतला कंटाळ्याचा सुस्कारा). क्लब मात्र खाजगी. सभासदाने बोलावलं तरच आत. माझी आजवरची सगळी गोल्फगिरी पापागो या फिनिक्सच्या सरकारी कोर्सवर झालेली. तिथे ऑनलाइन वेळ घ्या, पैसे भरा आणि खेळा. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साहेबांचा मेसेज आला तेव्हा मी आधी इस्त्री शोधली.

खेळायला जाताना मी मनात थोडा आकस घेऊनच निघालो होतो, हे कबूल करतो. मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या गावात आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, आणि मैदानावर पाणी मारायचं की माणसांना द्यायचं यावर घराघरात वाद चालले होते. अशा माणसाला वाळवंटातलं हिरवंगार गवत दाखवलं की त्याला आधी गवत नाही, टँकर दिसतो.

फिनिक्सच्या आसपास तसे कोर्स भरपूर आहेत. एकावर मी कंपनीच्या कार्यक्रमात खेळलोय. तळी काय, कारंजी काय, धबधबा काय! बाजूला साग्वारो निवडुंग लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यांसारखे उभे. १९८० मध्ये अ‍ॅरिझोनाने भूजलाचा कायदा केला आणि पुढे त्याच्या नियमांतून या भागातल्या नव्या अठरा होलच्या कोर्सला साधारण ९० एकर हिरवळीची मर्यादा आली. मग सगळ्यांनाच गवत कमी आणि वाळवंट जास्त असा कोर्स आखणं भाग पडलं.

डेझर्ट फॉरेस्टचं वेगळेपण हे की तो १९६२ चा आहे, म्हणजे कायद्याच्या बराच आधीचा. रॉबर्ट लॉरेन्स नावाच्या माणसाने तो आखला. लोक त्याला ‘रेड’ लॉरेन्स म्हणत. त्याने जमीन फारशी उकरली नाही, तळी खोदली नाहीत, फेअरवेवर, म्हणजे टीपासून भोकाकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, एकसुद्धा बंकर (वाळूचा खड्डा) ठेवला नाही. वाळवंट जसं होतं तसं ठेवून मधून गवताचे पट्टे अंथरले. वाळवंटी गोल्फचा मूळपुरुष म्हणून या कोर्सचं नाव घेतात.

आता खेळाविषयी. टीवर उभं राहिलं की समोर थोडा झाडोरा, मग गवताची पट्टी, मग पुन्हा झाडोरा. वाटतं, बंकर नाही, पाणी नाही, भीती कशाची? भीती दोन्ही बाजूंची. पट्टीवरून चेंडू घसरला की खडी, पालो वेर्देची पिवळ्या फुलांनी लहडलेली काटेरी झुडपं आणि कोरडे ओढे. इथे त्यांना वॉश म्हणतात. चेंडू सापडतो, अगदी समोर दिसतो, पण मारता येत नाही.

तिसऱ्या की चौथ्या होलवर ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारलेला माझा चेंडू नेहमीसारखा उजवीकडे वळला. तो एका चोयाच्या बुंध्याशी जाऊन थांबला. चोया हा लांबून मऊ, लोकरीसारखा दिसणारा निवडुंग. सकाळच्या उन्हात तर असा चमकतो की हात फिरवावासा वाटतो. मी हात फिरवला नाही, फक्त चेंडूसाठी वाकलो. कोपरापाशी काहीतरी टोचलं. बघतो तर लिंबाएवढा एक गोळा शर्टाच्या बाहीतून थेट कातडीत. दुसऱ्या हाताने उपटायला गेलो तर साहेब ओरडले, “हात नको, कंगवा!” कंगव्याचे दात गोळा आणि कातडी यांच्यामध्ये घालून एक झटका द्यायचा, गोळा उडून लांब पडतो. निदान दोन माणसांपासून लांब तरी उभं राहून द्यायचा. काट्यांना बारीक आकडे असतात, त्यामुळे शिरताना कळत नाहीत आणि निघताना चामडी ओढत निघतात. चार काटे मागे राहिले, ते रात्री बायकोने चिमट्याने काढले, भाष्यासकट.

वर नियमांचा न्याय बघा. चेंडूजवळ रॅटलस्नेक बसला असेल तर गोल्फच्या नियमात फुकट ड्रॉप मिळतो, म्हणजे दंड न भरता चेंडू बाजूला घेता येतो. निवडुंग असेल तर नाही. एक फटका दंड भरा. साप स्वतःहून येतो, निवडुंगात तुम्ही जाता, असा हिशेब असावा. मला तो पटला, कोपर दुखत असूनही.

नवव्या होलनंतर मी ड्रायव्हर बॅगेतच ठेवला आणि पाच नंबरच्या आयर्नने, म्हणजे जरा आखूड काठीने, खेळायला लागलो. आणि मग कोर्स दिसायला लागला. फेअरवेला बारीक उतार आहेत, कुठल्या बाजूने यायचं ते ठरवून मारावं लागतं. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं गुळगुळीत गवत, तर असे की भोकाच्या वर चेंडू गेला की तीन पट (भोकाकडे ढकलायचे हलके फटके) धरूनच चाला. कुठेही मुद्दाम उभारलेला देखावा नाही. एका ग्रीनपाशी डोक्यावर तुरा असलेले लावे ओळीने रस्ता ओलांडत होते. साग्वारोच्या शेंड्यावर पांढरी फुलं नुकतीच उमलली होती आणि खोडात सुतारपक्ष्याने कोरलेल्या बिळातून कोणीतरी आमचे पट बघत होतं. साग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. म्हणजे लॉरेन्स इथे आला तेव्हा यातली बरीच झाडं त्याच्याआधी हजर होती.

रात्री अप्पांना फोन केला. अप्पा निवृत्त शिक्षक, त्यांना प्रत्येक गोष्टीचे मार्क लागतात.

“आठ, दहापैकी,” मी म्हणालो.

“दोन कशाचे कापलास?”

“एक गेटचा. आपल्यासारख्याला बोलावल्याशिवाय जाता येत नाही.”

“अन् दुसरा?”

“गवताचा. कमी आहे, पण आहेच की. पाणी लागतंच त्याला.”

अप्पा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “अन् तुला किती पडले?”

“एकशेआठ.”

“शंभरपैकी?”

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले. मी काही बोललो नाही. पलीकडून ते आईला सांगताना ऐकू आलं, “पास झालाय पोरगा, चहा टाक.”