पहिल्या पिढीची स्विफ्ट: पुढचा डावा बॉल जॉइंट, निदानापासून अलाइनमेंटपर्यंतची नोंद

गाडी 2005 ते 2011 च्या पिढीतली. तक्रार अशी: हळू वेगात स्पीडब्रेकर उतरताना डावीकडून एकच कोरडा ‘टक’, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की करकर. एवढ्यावरून थेट बॉल जॉइंट (लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा, चाकाकडच्या टोकाला ज्यानं जोडलेला असतो तो गोल सांधा) मागवू नये. लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारा दांडा), स्ट्रट माउंट (स्ट्रटचा वरचा आधार), आर्मचा मागचा बुश (रबरी अस्तर), सगळे असाच आवाज करतात.

निदान

या गाडीत मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे. वजन स्प्रिंगवाटे स्ट्रटवर येतं. खालचा बॉल जॉइंट चाकाला फक्त जागेवर धरून ठेवतो. म्हणून जॅक बॉडीच्या जॅकिंग पॉइंटला लावायचा, स्टँड ठेवायचा आणि चाक लोंबकळू द्यायचं. लोअर आर्मखाली जॅक लावला तर जॉइंट दाबला जातो आणि ढिलाई लपते. डबल विशबोनच्या (वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या) ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे नेमकं उलट: जॅक आर्मखालीच हवा. निदान चुकतं ते बहुतेक वेळा इथेच.

चाक वर-खाली (घड्याळाच्या 12 आणि 6 वर) धरून हलवलं. खेळ (ढिलाई) जाणवल्यावर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर संशय व्हील बेअरिंगवर. इथे तो तसाच राहिला. 3 आणि 9 वर धरून काहीच नाही, म्हणजे टाय रॉड एंड आणि रॅक एंड (स्टिअरिंगचे सांधे) ठीक.

तरी हाताच्या चाचणीवर थांबू नये. चाक लोंबकळताना आर्मचे रबर बुश पिळलेले असतात आणि ते आर्मला वर ढकलत राहतात, त्यामुळे खडा (जॉइंटमधला गोळा) एका बाजूला टेकून बसतो. लांब टॉमी (पहार) आर्म आणि नकलच्या (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) मध्ये घालून आर्म खाली दाबला, बोट जॉइंटवर ठेवलं, तेव्हा ‘टक’ बोटाला लागला. या प्रकारच्या जॉइंटमध्ये हाताला जाणवणारा उभा खेळ अजिबात चालत नाही. बूटही (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलेला होता. फाटक्या बुटातून पावसाचं पाणी आणि माती आत गेली की ग्रीस वाहून जातं, खडा गंजतो आणि प्लॅस्टिकची बैठक घासली जाते. वरून ग्रीस भरून ती भरून येत नाही.

कोणता भाग घ्यायचा

बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला येतो, म्हणून पूर्ण लोअर आर्म घेतला. जुन्या आर्ममध्ये नवा जॉइंट ठोकून वेल्डिंगचे टाके मारून देणारे भेटतात. ते करू नये. त्या उष्णतेनं आतली बैठक वितळते. नवा आर्म जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि भोकं जुळवावीत. डावा-उजवा वेगळा असतो. नवा खडा हाताला घट्ट, पण अडखळल्याशिवाय फिरायला हवा. नवा पिंच बोल्ट (जॉइंटचा स्टड, म्हणजे दांडा, नकलमध्ये आवळून धरणारा) आणि सेल्फ-लॉकिंग नट सोबतच घ्यावेत.

सोडवणं

चाकाचे नट (19 चा सॉकेट) गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मग पुढची दोन्ही चाकं उचलली. एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा दांडा) पिळला जातो आणि आर्म खाली यायला कुरकुरतो.

वेळ खातो तो पिंच बोल्ट. कोकणातल्या, खाऱ्या हवेतल्या गाड्यांत त्याचं डोकंच तुटतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, आणि बोल्ट एकदम न काढता मागे-पुढे करत काढावा. तो पूर्ण बाहेर यायलाच हवा, कारण स्टडच्या खाचेतून तो आडवा जातो. नंतर नकलची फट छिन्नीनं अगदी थोडी उघडायची. जास्त उघडली तर नकलचा कान तडकतो, आणि मग खर्च भलताच. स्टड सरळ आहे, निमुळता नाही, त्यामुळे काटा (जॉइंट सोडवायचं दुधारी हत्यार) ठोकायची गरज नाही. आर्मवर लांब पाइप टाकून खाली दाबला की निघतो. स्टड निघाल्यावर नकल बाहेर ओढली जाऊ देऊ नये, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. नकल दोरीनं स्ट्रटला बांधून ठेवली आणि एबीएसची वायर ताणाबाहेर ठेवली.

बसवणं

स्टड पूर्ण आत गेला की पिंच बोल्ट हातानं सरकतो. सरकत नसेल तर स्टड अजून वर जायचा आहे. तिथे हातोडी मारली की खाच आणि बोल्ट दोन्ही खराब. बोल्टची दिशा जुनीच ठेवली.

आर्मचे बोल्ट आधी फक्त हातानं लावायचे. आर्मच्या टोकाखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून किंचित उठेपर्यंत वजन आणायचं आणि मगच टॉर्क द्यायचा. लोंबकळत्या अवस्थेत घट्ट केलं तर गाडी उतरल्यावर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. पिंच बोल्टचा आणि आर्मचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा; चाकाच्या नटला 85 न्यूटन-मीटर.

टॉमीची चाचणी पुन्हा केली: खेळ नाही, आवाज नाही. आर्म बदलला की टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) थोडा सरकतो, म्हणून अलाइनमेंट लगेच. शंभरेक किलोमीटरनंतर पिंच बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायचा आहे. उजव्या बाजूला सध्या खेळ नाही आणि बूट शाबूत आहे, म्हणून तो आर्म तसाच ठेवला; पावसाळा संपल्यावर त्याचा बूट पुन्हा बघायचा.