स्टीलच्या केगला हीटर बसवताना: संत्र्याच्या सालीचं तेल काढणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर-डिसेंबरात नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की ज्यूसवाल्यांकडे सालीचे ढीग पडतात. त्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. एकट्या लिमोनिनला उकळायला १७६ अंश लागतात, पण पाण्याच्या वाफेसोबत ते शंभराच्या आतच निघून येतं. अडचण शेगडीची आहे. लिमोनिन साधारण ४८ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडायला लागतं. झाकणाच्या फटीतून ती वाफ सुटली आणि खाली गॅस पेटलेला असला तर भडका उडायला वेळ लागत नाही. हीटर पाण्यात बुडालेला असला की उघडी ज्योत राहत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. विनापरवाना दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या हेतूनं भट्टीचं साहित्य बाळगणंसुद्धा. इथं जे आहे ते तेल आणि सुगंधी पाण्यापुरतं. साल ताजी घ्या, गर काढून टाका, त्याच दिवशी वापरा.

केग, म्हणजे बियरचं पिंप, ५० लिटरचा, ३०४ स्टीलचा. भंगारातून घेणार असाल तर पावती घ्या, कारण बऱ्याच केगची मालकी कंपनीकडेच असते. मधला व्हॉल्व्ह उघडण्याआधी आतला दाब पूर्ण सोडून द्या. दाबाखाली असलेला व्हॉल्व्ह आट्यातून सुटला की गोळीसारखा वर येतो. वरचा भाग गोल कापून सुमारे ३० सेंटिमीटरचं तोंड करून घ्यावं लागतं, नाहीतर आत जाळी आणि साल जाणार कशी?

हीटर किती वॅटचा घ्यावा, हा प्रश्न बहुतेकांना पहिला पडतो. घरच्या सिंगल फेजवर ३ किलोवॅट ही माझ्या मते वरची हद्द: २३० व्होल्टला १३ अँपिअर. २२ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला यायला हिशेबानं ३८ मिनिटं लागतात. भांडं आणि साल तापण्यात जाणारी उष्णता धरली तर पाऊण ते एक तास. त्यानंतर तासाला चार लिटरच्या आसपास पाणी थंड होऊन बाहेर येतं. तेवढी वाफ आवरेल असा कंडेन्सर (वाफ थंड करून पाणी करणारा भाग) नसेल तर २ किलोवॅटच बरा.

वॅटइतकाच हीटरच्या नळीचा पृष्ठभाग महत्त्वाचा. ८ मिलिमीटर जाडीची, दीड मीटर तापणारी लांबी असलेली नळी ३ किलोवॅटला दर चौरस सेंटिमीटरला ८ वॅट देते. साध्या पाण्याला हे चालतं. मात्र सालीचा लगदा त्याच नळीवर बसला तर करपतो आणि सगळ्या तेलाला जळका वास लागतो. म्हणून साल पाण्यात सोडायचीच नाही. केगच्या तळापासून २१ सेंटिमीटरवर पायांची भोकांची प्लेट ठेवायची, दोन अर्धगोल करून, म्हणजे तोंडातून आत जाते. खाली पाणी, वर मलमलच्या पिशवीत आठ-दहा किलो चिरलेली साल.

नळीचं बाहेरचं कवच स्टील किंवा इन्कोलॉय या निकेलच्या मिश्रधातूचं घ्या. बादलीत सोडायचा रॉड इथं अजिबात नको. त्याचं डोकं वाफेत टिकायला बनवलेलं नसतं.

आता मुख्य काम, जोड. आपल्याकडे मिळणारे स्क्रूचे हीटर बहुतेक सव्वा इंची बीएसपी (ब्रिटिश पाइपच्या मापाच्या) आट्यांचे असतात, बाहेरचा व्यास ४१.९ मिलिमीटर, इंचाला ११ आटे. ऑनलाइन येणारे अमेरिकी हीटर बहुधा एक इंची आणि साडेअकरा आट्यांचे. एक इंची बीएसपी सॉकेटमध्ये तो दोन-तीन फेरे छान जातो, मग अडकतो. तिथं पाना लावून जोर केला की दोन्हीकडचे आटे जातात. सॉकेट आणि हीटर एकाच दुकानात, हातानं फिरवून बघूनच घ्या.

केगला भोक पाडून आतून नट आवळणं सोपं वाटतं, पण केगची भिंत गोल आहे. केगचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर ५५ मिलिमीटरचा सपाट वॉशर मध्ये टेकतो तेव्हा कडेला जवळजवळ २ मिलिमीटरची फट राहते. पातळ वॉशर ती भरत नाही. थंड पाण्यात कोरडा दिसणारा हा जोड उकळी आली की ठिबकायला लागतो. पाच मिलिमीटर जाड सिलिकॉन वॉशरनं तात्पुरतं भागतं. पक्कं काम म्हणजे स्टीलचं सॉकेट अर्गॉन वेल्डिंगनं लावणं. हिंगणा एमआयडीसीत दुधाच्या टाक्यांचं काम करणारा वेल्डर शोधा आणि वेल्डिंगच्या वेळी आतल्या बाजूलाही अर्गॉन सोडायला सांगा. तो सोडला नाही तर आत काळी खरबरीत खपली येते, तिथूनच पुढे गंज धरतो. सॉकेटचं केंद्र तळापासून ६ सेंटिमीटरवर ठेवा.

भोक पाडताना ड्रिल सावकाश, दाब सतत, तेल भरपूर. पातं नुसतं घासत राहिलं की स्टील त्या जागी कडक होतं, आणि मग कोबाल्टचा होल सॉ सुद्धा चावत नाही. कडा कानसीनं साफ करा.

बीएसपीचे सरळ आटे स्वतः पाणी अडवत नाहीत. अडवतो तो खांद्याखालचा वॉशर. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी वॉशर नीट बसला नसेल तर गळती थांबत नाही. टेपचा उपयोग एवढाच, की स्टीलवर स्टीलचे आटे जाम होत नाहीत. हीटरकडचा वॉशर सिलिकॉनचा चालेल, कारण तो पाण्याखाली असतो. झाकणाला मात्र रबर किंवा सिलिकॉन नको, लिमोनिननं ते फुगतं. टेफ्लॉन लावा किंवा सरळ कणकेचा लेप द्या. मला कणीकच पसंत आहे: वाफेची नळी तुंबून आत दाब वाढलाच तर आधी लेप सुटतो. झाकण क्लॅम्पनं करकचून आवळू नका, आणि वाफेच्या वाटेवर कॉक तर कधीच नको.

विजेच्या बाबतीत काटकसर चालत नाही. बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत भिंतीतली जुनी वायर यासाठी वापरू नका. साधा १६ अँपिअरचा प्लग तीन तास १३ अँपिअरवर चालला की पिना काळ्या पडतात, म्हणून आयसोलेटरला थेट जोडलेलं बरं. अर्थिंग हीटरच्या नटावर सोडू नका. केगच्या खालच्या कड्याला ६ मिलिमीटरचा बोल्ट, दातेरी वॉशर आणि क्रिम्प केलेली लग लावून वेगळी अर्थ वायर जोडा. मल्टिमीटरवर अर्थ आणि केगमध्ये एक ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे. टर्मिनलवर झाकणाचा डबा हवाच, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोल देऊन घ्या, म्हणजे ओघळ आत जात नाही. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

थर्मोस्टॅट लावायचा मोह टाळा. नागपुरात पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, हीटर २ किलोवॅटचा असो की ३ चा. बदलतो तो वाफेचा वेग, आणि तो वॅटवर ठरतो. दीड-दीड किलोवॅटचे दोन हीटर, दोन स्विच, ही सगळ्यात कमी बिघडणारी व्यवस्था. उकळी येईपर्यंत दोन्ही, मग गरजेप्रमाणे एक.

केगमध्ये एक सेंटिमीटर उंचीला सव्वा लिटर पाणी बसतं. २२ लिटर भरलं तर पातळी १८ सेंटिमीटरच्या आसपास येते. आठ लिटर बाहेर आल्यावर साडेअकरावर. तिथंच थांबा. हीटरची नळी उघडी पडली तर मिनिटभरात लाल होऊन जाते. बोअरचं पाणी वापरलं तर नळीवर क्षाराचा पांढरा थर चढतो. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व या प्रमाणात अर्धा तास भिजवलं की तो सुटतो. तेल काचेच्या बाटलीत धरा, थर्माकोलचं भांडं त्यात विरघळतं. मृग बहाराची साल मार्च-एप्रिलात काढणार असाल तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी कंडेन्सरला पुरेसं थंड नसतं, जमिनीखालच्या टाकीचं घ्या.

पावसाळाभर पडून राहिलेला हीटर नोव्हेंबरात पहिल्यांदा लावला की आरसीसीबी पडतो, ही तक्रार हमखास असते. नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दमट हवेतला ओलावा ओढते. अशा वेळी आरसीसीबी बाजूला काढून चालवणारे भेटतात. ते जिवावरचं आहे. हीटर काढा, वॉशर उतरवा, टर्मिनलचं प्लास्टिक बाजूला करून ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा. गार झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) टर्मिनल आणि कवच यांच्यात मोजा. एक मेगाओहमच्या वर आलं तर परत बसवा, नाही आलं तर नवीन हीटर घ्या.