हेल्मेट, एनसी आणि चॅप्टर

बुधवार, रात्री उशिरा

आज धाकट्या भावाला चॅप्टरची, म्हणजे शांतता राखायच्या बंधपत्राची, नोटीस आली. ऑफिसमधून आले तर आई दारातच कागद धरून उभी, तिला वाटलं अटकेचं वॉरंटच आलंय, जेवणबिवण काही केलेलं नाही. वाचलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १२६, म्हणजे पूर्वीचं सीआरपीसी १०७, अजून सगळे १०७च म्हणतात. तुमच्याकडून सार्वजनिक शांतता भंग होण्याची शक्यता आहे, तरी एक वर्ष शांतता राखण्याचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये याचं कारण सोमवारी हजर राहून दाखवा. मुंबईत हे काम कोर्टात चालत नाही, एसीपी साहेबच विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. म्हणजे रिपोर्ट पाठवणारे पोलीस आणि ऐकणारे पण पोलीसच. आणि शांतता भंग कोण करणार तर आमचा धाकटा, जो बाईकचा हॉर्न वाजवला तरी नंतर हात वर करून सॉरी म्हणतो.

वकीलकाका (आमच्या मजल्यावरचे, रिटायर झालेत पण सल्ला देतात) फोनवर म्हणाले की सगळं आत्ताच लिहून ठेव, दोन महिन्यांनी दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगाल. म्हणून लिहिते.

शनिवारी सेकंड शिफ्ट संपवून तो एलबीएस रोडवरून येत होता, पाऊस होता, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाडी आडवी लावलेली. त्याने हॉर्न दिला. गाडीतनं तिघं उतरले, प्यायलेले. एकाने बाईकची चावी काढून घेतली, दुसऱ्याने कॉलर धरून त्याला मेडिकलच्या बंद शटरला दाबला आणि तिसरा पोटात बुक्क्या मारायला लागला, हेल्मेट धाकट्याच्या हातात होतं, ते त्याने फिरवलं. एकदाच. एकाची भुवई फुटली. कपाळाचं रक्त किती येतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीय, छोटी जखम पण शर्ट सगळा लाल. मग ते तिघंच ओरडायला लागले की मारलं मारलं, कुणीतरी ११२ ला फोन लावला आणि बीट मार्शल आले.

आणि इथेच सगळं ठरलं असं मला वाटतं. आल्या आल्या पोलिसांना काय दिसलं, तर एकजण रक्ताने माखलेला आणि एकजण हेल्मेट घेऊन उभा. धाकट्याच्या बरगड्या दुखत होत्या, मानेवर कॉलरची शिवण उमटून लाल पट्टा पडला होता, पण बरगडी काही शर्टाबाहेर येऊन दिसत नाही ना. गाडीत बसवताना एका हवालदाराने त्याच्या मानेवर एक ठेवून दिली, "काय रे हिरो". कोण होता ते सांगता येत नाही कारण रेनकोट घातलेला, नावाची पट्टी आत. अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे असं १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलंय, आता नवीन संहितेत कलम ३६ पण आहे. पण पावसाळ्यात अख्ख्या मुंबईला रेनकोट घालावाच लागतो, आणि मला खरंच कळत नाही की त्यावरून त्याला दोष द्यावा का नाही. चापटीवरून मात्र देते.

मला फोन आला तेव्हा एक वाजायला आला होता. आई म्हणाली एकटी जाऊ नको, सकाळी जाऊ. मी चिडले, मग ती म्हणाली, मरीन ड्राइव्हच्या चौकीत काय झालं होतं विसरलीस का. २००५ सालची गोष्ट आहे ती, चौकीच्या आत एका पोलिसानेच कॉलेजच्या मुलीवर बलात्कार केला होता, त्याला पुढे शिक्षा पण झाली. मी तेव्हा शाळेत होते, पण त्या वर्षभर आईने आम्हाला चौकीच्या फुटपाथवरून सुद्धा चालू दिलं नव्हतं. शेवटी समोरच्या वहिनींना घेऊन गेले.

पोलीस स्टेशनचं नाव लिहीत नाही. ड्युटीवरचे साहेब काही वाईट बोलले नाहीत हे आधी सांगते. खुर्ची दिली, वहिनींना पण दिली. पण पहिलं वाक्यच असं, "मॅडम, टाळी एका हाताने वाजत नाही." मी म्हणलं साहेब तिघं होते, प्यायलेले होते, चावी काढून घेतली, सुरुवात त्यांनी केली. तर म्हणाले, "ते आम्ही बघू, पण हेल्मेट म्हणजे हत्यारच की. ११८ (हत्याराने दुखापत) लावला तर एफआयआर होईल, नोकरी करतो ना पोरगा? समोरचे मिटवायला तयार आहेत, डॉक्टरचा खर्च देऊन टाका." मी म्हणलं सेल्फ डिफेन्स आहे हा. ते हसले, म्हणजे कुत्सित नाही, दमलेला माणूस हसतो तसं. "ते कोर्टात सांगायचं असतं."

तिथे मला राग आला आणि मी मोबाईल बाहेर काढला. लगेच बाजूचा म्हणाला, "शूटिंग नको, सरकारी कामात अडथळा होईल." आता मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्येच सांगितलंय की पोलीस स्टेशन हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पण रात्री दीड वाजता, भाऊ आतल्या खोलीत, तिथे नागपूर खंडपीठ कुणाला ऐकवणार. पर्समध्ये टाकला मोबाईल.

शेवटी दोन एनसी झाल्या. त्यांची आमच्याविरुद्ध, आमची त्यांच्याविरुद्ध. साधी दुखापत, कलम ११५(२), अदखलपात्र. एनसी म्हणजे काय तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर असल्याशिवाय पोलीस तपास करत नाहीत, एक नंबर पडतो, एक प्रत मिळते, बास. आमच्या तक्रारीत साहेबांनी आधी लिहिलं होतं की "आमच्यात वाद होऊन हाणामारी झाली." चावी नाही, कॉलर नाही, शटर नाही. ते दुरुस्त करून घेतलं, आणि ते सुद्धा मला सुचलं नव्हतं. पाणी प्यायला कूलरपाशी गेले तर तिथे एक महिला पोलीस चहाचे कप गोळा करत होती, माझ्याकडे न बघताच म्हणाली, ताई, वाचल्याशिवाय सही करू देऊ नका, आणि दवाखान्याचा मेमो मागून घ्या, रक्त नाही आलं म्हणजे मार लागला नाही असं नसतं. तिचं नाव मला वाचता आलं होतं पण इथे लिहिणार नाही, तिलाच त्रास होईल. मेमो मागितला, मिळाला, पालिकेच्या हॉस्पिटलात पहाटे एक्सरे झाला. फ्रॅक्चर नाही, पण मुका मार आणि मानेवरचा पट्टा केसपेपरवर आला.

शुक्रवार

वकीलकाकांकडे दोन तास बसलो होतो. माझा प्रश्न एकच होता, हक्क आहे की नाही?

आहे. भारतीय न्याय संहिता कलम ३४ ते ४४, पूर्वीचे आयपीसी ९६ ते १०६. स्वतःच्या शरीराचाच नाही, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करता येतो. धोका वाटायला लागला की हक्क सुरू, धोका संपला की हक्क पण संपला, म्हणजे तो खाली पडल्यावर मारलेला पुढचा फटका तुमच्या खात्यावर. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या केसमध्ये सरळ म्हटलंय की अंगावर कुणी आलं तर कायदा पाळणाऱ्या माणसाने भित्र्यासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. हे ऐकून धाकटा पहिल्यांदा ताठ बसला.

मग काकांनी पुढचं सांगितलं. हा हक्क आहे हे सिद्ध कुणी करायचं, तर ज्याच्यावर आरोप आहे त्याने. साक्ष अधिनियमाचं कलम १०८. म्हणजे ड्युटीवरचे साहेब खोटं बोलत नव्हते, ते खरंच कोर्टात सांगायचं असतं. फरक एवढाच की कोर्ट लागतं दोन-चार वर्षांनी, आणि तिथे जे सांगायचं त्याचे पुरावे मात्र त्याच रात्री गोळा व्हायला लागतात, तेही अशा टेबलावर जिथे कुणी सुरुवात केली हा प्रश्नच कुणाला नको असतो. स्वसंरक्षणाचा सगळा कायदा त्या एका प्रश्नावर उभा आहे. तो काढून टाकला की राहते ती हाणामारी, मग दोन एनसी आणि दोघांना चॅप्टर, म्हणजे हिशोब बरोबर. मला पोलिसांचा नाही, ह्या हिशोबाचा राग येतो. त्यांचं पण समजतं, एकेक ड्युटी बारा बारा तासांची, मध्ये पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना आठ तासांची सुरू केली होती तेव्हा किती कौतुक झालं होतं. दमलेल्या माणसाला दोन्हीकडे सारखं वाटून टाकणं सोपं जातं.

मी त्या चापटीबद्दल पण विचारलं. काका म्हणाले, तिथे तर हात उचलायचाच नाही. कलम ३७. सरकारी नोकर त्याच्या पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काही करत असेल आणि त्यातून मरण किंवा गंभीर दुखापत होईल अशी भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क नाही, त्याचं करणं कायद्यात पूर्ण बसत नसलं तरी. आता गाडीत बसवताना मारलेल्या चापटीत सद्भावना कुठे आली? काका म्हणाले, कोर्टात हा मुद्दा मांडता येईल, पण तू तिथे त्याचा हात धरलास तर ३५३, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला. नवीन नंबर १३२ आहे पण धमकी अजून जुन्याच नंबरची देतात. मग करायचं काय, तर नंतर अर्ज. डीसीपींकडे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे, मानवी हक्क आयोगाकडे. कॅमेरे असतात, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस स्टेशनात सीसीटीव्ही लावायला सांगितलेत आणि फुटेज १८ महिने ठेवायला सांगितलंय. पण चापट तर गल्लीत बसली होती, गाडीच्या दारात.

ऑफिसमध्ये सांगितलं तर प्रत्येकाकडे सल्ला. एकजण म्हणे डिकीत एक रॉड ठेवायला सांग. अरे बाबा, मुंबईत पोलीस आयुक्तांचे ३७(१) चे आदेश निघत असतात, काठ्या, सुरे, लोखंडी वस्तू घेऊन फिरायचं नाही, सापडलास तर मपोका (महाराष्ट्र पोलीस कायदा) १३५, म्हणजे मार खायच्या आधीच तू आरोपी. पेपर स्प्रे ठीक आहे, त्याला लायसन लागत नाही, मी स्वतः ठेवते. शिल्पा म्हणाली मी असते तर गप चावी सोडून घरी गेले असते. ती अंधेरीची आहे, २०११ ला आंबोलीत किनन आणि रुबेनला मारलं ते हॉटेल तिच्या रस्त्यावर. मैत्रिणींची छेड काढली म्हणून ते दोघं मधे पडले, तर गुंड टोळी घेऊन परत आले, चाकू घेऊन, आणि भर रस्त्यावर लोक बघत राहिले. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्यानंतर तिच्या घरात नियमच झालाय की उलट बोलायचं नाही. तिला मी काय सांगणार. पण धाकट्याला शटरला दाबल्यावर चावी सोडून जायची सोय कुठे होती?

रविवार

फुटेज मिळालं! मेडिकलवाल्या काकांच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. ते आधी देईनात, म्हणे मला साक्षीला चकरा मारायला लावू नका, धंदा आहे. बरोबरच आहे त्यांचं. पण जुनं आपोआप पुसलं जातं म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर संपलं होतं, आणि एनसी असल्यामुळे पोलीस काही ते घ्यायला येणार नव्हते. धाकट्याने त्यांच्या मुलाला पकडलं, मुलाने पेनड्राइव्हवर दिलं. सोबत साक्ष अधिनियम कलम ६३ चा दाखला लागतो, पूर्वीचा ६५ब, तो मेडिकलवाल्या काकांच्या सहीने हवाय, त्यासाठी वहिनी जाणार आहेत, त्यांना ते नाही म्हणत नाहीत.

बघितलं आम्ही. शटरचा वरचा अँगल, आवाज नाही, पाऊस. चावी काढताना स्पष्ट दिसतंय. हेल्मेट फिरवायच्या आधी किती वेळ तो नुसताच मार खातोय ते मला माहीतच नव्हतं, त्याने सांगितलंच नव्हतं. आईला मी ते दाखवलेलं नाही.

आता भांडण घरात. धाकटा म्हणतो ताई, बॉण्डवर सही करून टाकू, एक वर्ष तर आहे, मी कुठे मारामाऱ्या करत फिरतो, दर तारखेला हाफ डे टाकला तर सुपरवायझर काढून टाकेल. त्याचं कॉन्ट्रॅक्ट आहे, पर्मनंट नाही, मला हे कळतं. पण वकीलकाका म्हणतात की नोटीस म्हणजे निर्णय नव्हे, लेखी उत्तर देता येतं, पुरावा दाखवता येतो, चौकशी झाल्याशिवाय वर्षभराचा बॉण्ड लादता येत नाही. आणि एकदा बॉण्ड दिला की वर्षभरात त्याच तिघांपैकी कुणी अजून एक एनसी टाकली तरी पुन्हा हा धावत जाणार, बॉण्ड मोडला असं ठरलं तर रक्कम जप्त आणि वर आत पण टाकू शकतात. ते तिघं तर गल्लीच्या तोंडाशीच उभे असतात रोज. काल मला बघून एकाने गाडीचा हॉर्न दाबून धरला.

उत्तर मी मराठीत टाईप केलंय, दीड पान. पहिल्या ओळीत चावी, मग कॉलर, मग शटर, मग हेल्मेट. सोबत केसपेपरची झेरॉक्स, एनसीची प्रत, फुटेजमधले चार फोटो. उद्या वकीलकाका सोबत येणार आहेत. धाकटा म्हणाला तू दे उत्तर, पण साहेब म्हणाले सही कर तर मी करणार. मी म्हणलं मग फुटेज तरी आधी त्यांना दाखवू दे. त्यावर तो काही बोलला नाही, बनियन काढून आईकडून बरगडीला मलम लावून घेत बसला, आणि मी हाफ डेचा मेल टाकला.